राबातली तीन पिल्लं

माझं औषधांचं दुकान दुपारी एक ते साडेचार बंद असतं. कर्जतमध्ये त्या वेळात कुणी आजारी पडत नाही असं नाही, पण दुपारच्या झोपेचा हक्क इथं सगळ्यांनी एकमेकांना देऊन टाकलाय. मला मात्र दुपारी झोप येत नाही. त्यामुळे पक्षी बघणारी शहाणी माणसं पहाटे बाहेर पडतात तेव्हा मी भिसेगावच्या घरात पोळ्या लाटत असते, आणि ती घरी येऊन आडवी होतात तेव्हा मी कॅमेरा गळ्यात घालून स्कूटर काढते. दुपारी काय डोंबल दिसणार, असं मला पुष्कळांनी ऐकवलंय. त्यातही शनिवार-रविवारी कळंबकडच्या रिसॉर्टवर उतरणारे, हातभर लेन्स मिरवणारे जास्त. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. त्यांनी दुपारी झोपावं यातच माझा फायदा आहे.

खालापूरच्या रस्त्याला गाव मागे पडलं की डाव्या हाताला भाताची खाचरं लागतात. तिथलं एका मावशींचं शेत माझ्या रोजच्या फेरीत येतं. मावशी साठीच्या पुढच्या. ब्लड प्रेशरच्या गोळ्या दर महिन्याला माझ्याकडून नेतात, आणि या गोळ्यांनी काडीचा फरक पडत नाही हे दर महिन्याला मला सांगतात. त्यांच्या बांधावर ऐनाचं एक जुनं झाड आहे. त्याच्या दोन मुळांमध्ये एक खळगा झालाय. तिथं कॅमेऱ्याची पिशवी ठेवायची, खोडाला पाठ टेकायची आणि गप्प बसायचं, हा माझा कार्यक्रम. मावशी येता-जाता टोमणा मारतात, "काय गं ताय, आज कोनाच्या लग्नाचे फोटू?"

मागच्या वर्षी पाडवा होऊन आठ-दहा दिवस झाले होते. शुक्रवार होता. मी चंडोलासाठी बसले होते. चंडोल म्हणजे चिमणीएवढा, मातीच्या रंगाचा, डोक्यावर तुरा असलेला पक्षी. दिसायला काहीच नाही, पण गायला लागला की उन्हाचा त्रास विसरायला होतो. सरळ वर चढतो, वरच्या वर फडफडत राहतो आणि गातो, मधेच दुसऱ्या पक्ष्यांच्या नकलाही करतो. त्या दिवशी मात्र गाणं नव्हतं. समोरच्या बांधावर एक चंडोल चोचीत अळी घेऊन उभा होता, आणि खात नव्हता.

चोचीतलं न खाणारा पक्षी म्हणजे जवळपास पिल्लं आहेत, एवढं मला कळतं. मी हलले नाही. तो खाली उतरला, ढेकळांच्या आडून पळत गेला आणि रिकाम्या चोचीनं उडाला. तीनदा असं झाल्यावर मला जागा सापडली. एका मोठ्या ढेकळाच्या पायथ्याशी, वाळक्या गवताची वाटी आणि त्यात तीन पिल्लं. डोळे अजून मिटलेले, अंगावर कापसासारखी लव. माझी सावली पडली तशी तिघांनी तोंडं उघडली. पिवळीजर्द तोंडं, तीन. मी दोन फोटो काढले आणि उलट पावली परत ऐनाखाली आले.

मग जे दिसलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. अडीच वाजले होते, ढेकळाची सावली घरट्यावरून सरकली होती. चंडोलाची मादी घरट्यावर आली आणि बसली नाही, उभी राहिली. पाय फाकवून, दोन्ही पंख अर्धे उघडून. पिल्लांवर तिनं स्वतःची सावली धरली होती. तिची चोच उघडी होती, गळा धापा टाकत होता. चंडोलात नर-मादी सारखेच दिसतात, त्यामुळे तो बापही असेल. पण मी तिला आई ठरवून टाकलं. वीस मिनिटं ती तशीच उभी होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच वेळी मी शटरही दाबत होते. दोन्ही खरं आहे.

निघायला उठले तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते ढेकूळ मावशींच्या राबात आहे.

राब म्हणजे भाताचं रोप जिथं करायचं तो जमिनीचा तुकडा. त्यावर शेण, वाळका टहाळ, पातेरा म्हणजे गळलेला पाचोळा, गवत असे थर रचतात, वरून माती भुरभुरतात आणि उन्हाळ्यात तो सगळा भाजून काढतात. जमीन भाजली की तणाचं बी मरतं आणि रोप जोमानं वर येतं. मावशींचा राब रचून तयार होता. माती टाकून झाली होती. फक्त काडी लावायची बाकी होती. त्या भुसभुशीत, गवताळ तुकड्यापेक्षा चांगली जागा चंडोलाला कुठं मिळणार होती?

मी तशीच मावशींच्या घरी गेले. त्या ओटीवर चिंचा फोडत बसल्या होत्या.

"मावशी, राब कधी लावणार?"

"आयतवारी. पोराला सुट्टी आसते ना." त्यांचा मुलगा खोपोलीला कंपनीत आहे.

"या आयतवारी नको. गुरुवारी लावा."

"का गं? गुरवारी काय हाय?"

मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो दाखवला. मावशींनी हात पदराला पुसले, कॅमेरा डोळ्यांजवळ नेला आणि तोंडं मोजली. "आगं बाय, तीन हायत." मग कॅमेरा परत देत सहज म्हणाल्या, "मंग उचल आनि ठेव बांदापल्याड, करवंदीच्या सावलीला. आय येतेच शोधत."

इथं माझं डोकं फिरलं. पक्ष्यांबद्दल कुणी असं सहज बोललं की मला राग येतो. मी त्यांना ओटीवर उभं राहून भाषण दिलं. पिल्लांना हात लावायचा नसतो, घरटं हलवायचं नसतं, हलवलं तर आई त्यांना सोडून देते, मी पुस्तकांतून वाचलंय, मी दहा वर्षं हेच करतेय. मावशी चिंच फोडत ऐकत होत्या.

"आनि पाऊस आला तं? रोज दुपारी घाटाकडं आभाळ येतंय. राब वल्ला झाला का भाजत नाय. मंग रोपापरीस तणच जास्ती."

"येणार नाही पाऊस. आणि सहा दिवसांचा प्रश्न आहे. गुरुवारपर्यंत उडतील ती."

मावशींनी आणखी दोन चिंचा फोडल्या. मग म्हणाल्या, "तुज्या शब्दावर थांबते. पन काडी लावीन तवा तू यायचंस. पोराला मधल्या वारी सुट्टी नाय, आनि मी येकटी आग लावत नाय."

मी हो म्हटलं. त्या वेळी मला आपण जिंकल्यासारखं वाटलं होतं.

पुढचे दिवस मी दुकानात असून नसल्यासारखी होते. कुणी खोकल्याचं औषध मागितलं की ते देता देता माझी नजर रस्त्यापलीकडच्या आभाळाच्या तुकड्याकडे जायची. एक वाजला की शटर ओढून पळायचे. शनिवारी पिल्लांचे डोळे उघडले. रविवारी पंखांवर पिसांच्या काड्या दिसायला लागल्या. त्याच दुपारी शेजारच्या दोन शेतांतले राब लागले, सगळीकडे धूर झाला, आणि मावशींचा तेवढा राहिला. बांधावरून जाणाऱ्या एका बाईनं मावशींना विचारलं, "तुमचा कधी गं?" मावशींनी माझ्याकडे हात केला. मला लाज वाटली, पण मी कॅमेरा खाली ठेवला नाही. खरं सांगायचं तर मला आईनं पिल्लाच्या तोंडात घास घालतानाचा फोटो हवा होता, आणि तो अजून नीट आला नव्हता. गुरुवार पिल्लांसाठी मागितला होता. त्यातला एखादा दिवस मी स्वतःसाठीही मागितला असेल.

सोमवारी दुपारी घाटाकडून गडगडाट ऐकू आला. मावशी राबाच्या कडेला उभ्या राहून वर बघत होत्या. मंगळवारी आभाळ आणखी खाली आलं, वारा पडला, घामानं जीव नकोसा झाला. आई चंडोल पंख उघडून उभी राहिलीच नाही, कारण ऊनच नव्हतं. तिला बरं वाटलं असेल. मला रात्री नीट जेवण गेलं नाही.

बुधवारी मी पोचले तेव्हा मावशी ऐनाखाली माझीच वाट बघत होत्या. शेजारी पाण्याच्या दोन कळश्या, आग झोडपायला निरगुडीचा ओला टहाळा, कमरेला काडेपेटी खोचलेली. घाटावर आभाळ काळंकुट्ट झालं होतं.

"ताय, आज येनार हा. काय म्हनतात तुजी पाखरं?"

मी ढेकळापाशी गेले. घरटं रिकामं होतं.

मुंगूस, साप, कावळा, काय वाटेल ते मनात आलं. वाकून पाहिलं. एक पीस विस्कटलेलं नव्हतं, रक्ताचा ठिपका नव्हता. वाटी शाबूत, कडेला विष्ठा वाळलेली. म्हणजे धरून नेलेली नाहीत. म्हणजे उडाली! एक दिवस आधी उडाली! मला इतका आनंद झाला की मी तिथूनच ओरडले, "मावशी, उडाली!"

"समदी?"

"सगळी!"

"मंग लावू?"

"लावा मावशी."

हे माझे शब्द आहेत. मावशींनी मला दोनदा विचारलं होतं.

राब पेटवण्याची इथली रीत अशी की वारा जिकडून येतो त्याच्या उलट टोकाला काडी लावायची. म्हणजे आग वाऱ्याच्या तोंडावर, हळूहळू, सरपटत पुढं येते आणि जमीन खोलवर भाजते. वारा मावळतीचा होता. मावशींनी उगवतीच्या कडेला चार ठिकाणी काडी लावली. धूर उठला, मातीखालून लाल कड दिसायला लागली. मी ऐनाखाली जाऊन बसले. धुरातून उडणारे किडे टिपायला कोतवाल पक्षी जमले होते आणि मला त्यांचे फोटो हवे होते.

पाचेक मिनिटं झाली असतील. लेन्समध्ये कोतवालाच्या मागं मला आई चंडोल दिसली. राबावर घिरट्या घालत होती. चोचीत नाकतोडा होता.

चोचीतलं न खाणारा पक्षी.

पिल्लं उडून गेली असती तर ती नाकतोडा घेऊन इथं कुणाकडं आली होती? आणि मग मला ते आठवलं. चंडोलाची पिल्लं उडता यायच्या आधीच घरटं सोडतात. पंख तयार नसतात, पण पाय तयार असतात. चालत चालत थोडी थोडी लांब जातात, वेगवेगळी, आणि धोका वाटला की जमिनीला चिकटून निपचित पडतात. हे मी वाचलेलं होतं. बोट ठेवून वाचलेलं होतं. पण सहा दिवस मी घरटंच बघत बसले होते, आणि ते रिकामं दिसल्याबरोबर मला सगळं संपल्यासारखं वाटलं.

"मावशी, विझवा! आत आहेत ती!"

मावशींनी कपाळावर हात मारला. "आता कसा इजवनार? खालून धरलाय त्यानं!" तरी त्यांनी एक कळशी आगीच्या कडेवर ओतली. वाफ झाली, आणि दोन हात पलीकडे पुन्हा धूर निघाला.

आम्ही दोघी राबात शिरलो. गुडघ्यांवर बसून मी हातांनी गवत चाचपत होते. मातीच्या रंगाची पिल्लं, मातीच्या रंगाचं गवत, सगळीकडे पातेरा. पाय कुठं टाकावा कळेना, पायाखालीच असलं तर? डोळ्यांत धूर जात होता. आई आमच्या डोक्यावर ओरडत होती आणि खाली उतरत नव्हती.

ती उतरत नव्हती, कारण आम्ही तिथं होतो.

"मावशी, बाहेर या."

"आगं, आग आली की इथवर!"

"बाहेर या मावशी! आपण आत असलो की ती उतरत नाही. ती उतरल्याशिवाय मला दिसणार नाही."

मावशी आल्या. आम्ही ऐनाच्या मागं उभ्या राहिलो. मी लेन्स राबावर धरली. समोर आग पुढं येतेय, आत तीन जीव आहेत, आणि आपण काहीही न करता निवांत उभं राहायचं. आयुष्यात इतकी अवघड गोष्ट मी दुसरी केलेली नाही. लेन्समध्ये नुसती माती नाचत होती. मावशींनी मागून माझे दोन्ही कोपर धरले आणि घट्ट दाबून ठेवले.

ती उतरली. आगीपासून सात-आठ पावलांवर. पण चंडोल कधी सरळ पिल्लापाशी उतरत नाही. इकडं तिकडं पाहिलं, मग पळाली, डावीकडं, एका दगडामागं. बाहेर आली तेव्हा चोच रिकामी होती. मी धावले. दगडामागं गवतात दोन डोळे होते. उचललं, मावशींच्या ओच्यात टाकलं. परत झाडामागं. पुन्हा तेच उभं राहणं. ती यायला किती वेळ लागला मला सांगता येणार नाही. चोचीत काहीतरी हिरवं घेऊन आली, या वेळी आगीच्या आणखी जवळ उतरली, आणि मी ती उडायच्या आधीच पळाले. दुसरं सापडलं. माझ्या बोटांना चटका बसला, तो नंतर कळला.

"आनि येक," मावशी म्हणाल्या.

आम्ही परत झाडामागं उभ्या राहिलो. तेवढ्यात अंगावर गार झुळूक आली. आठ दिवस ज्या गार वाऱ्यासाठी सगळे तरसत होते तो वारा, घाटाकडून. मला क्षणभर बरं वाटलं. मग मावशींचा आवाज आला, "वारा फिरला गं!"

उगवतीचा वारा आता आगीच्या पाठीशी होता. इतका वेळ सरपटणारी आग एकदम उठून उभी राहिली आणि पळत सुटली. गवत तडतडायला लागलं. आई तिसऱ्यांदा आली. धुरात शिरली, वर आली, पुन्हा शिरली. उतरली नाही. मी पुढं धावले तर मावशींनी माझी ओढणी धरून मला मागं ओढलं. "सोड गं त्याला! सोड! तू पेटशील!" मी त्यांना काहीतरी वेडंवाकडं बोलले. त्यांनी ओढणी सोडली नाही.

आग पाच मिनिटांत पलीकडच्या बांधाला टेकली आणि विझली.

मावशींनी ओच्यातली दोन पिल्लं बांधापलीकडं नेली आणि करवंदीच्या जाळीत, सावलीला ठेवली. आम्ही लांब जाऊन बसलो. दहा मिनिटांच्या आत आई आली. बांधावर उभी राहिली, पळत जाळीत गेली आणि रिकाम्या चोचीनं बाहेर आली. हात लावलेली, हलवलेली पिल्लं तिनं सोडली नाहीत. मावशींनी शुक्रवारी ओटीवर बसून जे सांगितलं होतं तेच झालं. मी मान खाली घातली. वाटलं, आता त्या म्हणतील, बोलले नव्हते का? त्या तसलं काही बोलल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "तिसरं?"

"ते आधीच उडालं असेल," मी म्हटलं. "ते मोठं होतं सगळ्यांत."

मावशींनी माझ्याकडं पाहिलं. "आसंल," त्या म्हणाल्या.

पाऊस आला नाही. चार थेंब पडले आणि संध्याकाळी आभाळ स्वच्छ झालं. त्या आठवड्यात नाही, त्याच्या पुढच्याही आठवड्यात नाही.

दुसऱ्या दिवशी मी गेले. दोन्ही पिल्लं करवंदीत होती, आई येत-जात होती. एकदा मात्र ती चोचीत किडा घेऊन काळ्या राबावर उतरली. राखेत थोडी चालली, थांबली, मान वाकडी करून ऐकल्यासारखं केलं. मग किडा घेऊन करवंदीत गेली. माझ्या गळ्यात कॅमेरा होता. मी तो उचलला नाही.

त्यानंतर पावसाळाभर मी त्या रस्त्याला फिरकले नाही. मावशी गोळ्या न्यायला येत. रोप चांगलं आलं, लावणी आटपली, भात कापलं, एवढंच सांगत. गोळ्यांनी काही होत नाही हेही सांगत. पाखरांचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. दिवाळीनंतर माझी मीच पुन्हा जायला लागले. तोच ऐन, तोच खळगा, तेच गप्प बसणं. तिसरं उडालं हे माझं खोटं मावशी विसरल्या असं मी धरून चालले होते.

यंदा पाडवा झाल्यावर एका दुपारी, दुकान बंद करायच्या पंधरा मिनिटं आधी, मावशी आल्या. मी सवयीनं गोळ्यांच्या कप्प्याकडं वळले.

"गोळ्या हायत आजून. आयतवारी राब लावतेय. चल, बघून घे आदी."

"घरटं आहे?"

"ते मला काय ठावं? तुरेवाला गातोय बांदावर, येवडं म्हाईत." त्या पायरीकडं वळल्या. "आनि घरटं बघून उठू नको या टायमाला. आय कुटं जाते ते बघ. किती बी येळ लागू दे."

मी शटर ओढलं. मावशींना स्कूटरवर मागं बसवलं. शेतावर पोचलो, मी नेहमीसारखी ऐनाखाली गेले आणि खांद्यावरची पिशवी उतरवायला लागले. तेव्हा मावशी मागून म्हणाल्या, "तिथं नको ठेवू."

मी त्यांच्याकडं पाहिलं.

"राख सारकी करताना घावलं व्हतं मला, तिसरं. तिथंच पुरलं, त्या दोन मुळांमदी. तुला सांगून काय व्हनार व्हतं गं?"

मी पिशवी छातीशी धरून तशीच उभी राहिले. दिवाळीपासून रोज दुपारी मी ती त्याच खळग्यात ठेवत आले होते.